कपाटामागची भिंत

कपाट ओढून बाजूला केलं आणि फोटो काढायला उचललेला तिचा हात तसाच राहिला. भिंत स्वच्छ होती.

आदल्या दिवशी याच जागी, सासऱ्यांच्या खोलीत, करपलेल्या तव्याच्या बुडासारखा काळा डाग होता. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत चढलेला. हात लावला तर हाताला ओल लागायची आणि वर्षानुवर्षं न उघडलेल्या ट्रंकेसारखा वास यायचा. आता तिथं पांढरा रंग होता आणि वासही रंगाचाच येत होता.

"बाबा, आज कोणी आलं होतं का घरात?"

सासरे खिडकीशी खुर्चीत बसले होते. मान न वळवताच ते म्हणाले, "कोण येणार? मी इथंच तर आहे."

"मधे डोळा लागला होता का तुमचा?"

"लागला असेल जरा. म्हाताऱ्या माणसाची झोप, ती काय सांगून येते?"

तिनं कपाट पुन्हा भिंतीला लावलं. तिच्या मनात एकच माणूस आला होता. घरमालक. त्याच्याकडे दुसरी किल्ली असणार, यात तिला शंकाच नव्हती.

घर भाड्यानं घेतलं तेव्हा हाच माणूस देवासारखा वाटला होता. उंच, नीटनेटका, आवाज कधी चढणार नाही. "घर तुमचंच समजा," म्हणाला होता. दोन वर्षांचा करार झाला, सामान आलं, थोरल्या दिरांकडून सासरेही इकडे राहायला आले. त्यांचं सगळं आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेलं. आता हाताला काम नव्हतं, पण माणूस पाहिला की एका शब्दात त्याची पाटी लिहायची सवय गेली नव्हती. मालक पहिल्यांदा भेटून गेला तेव्हाच ते म्हणाले होते, "मधाचं बोट आहे हा." तेव्हापासून घरात त्याचं नाव तेच पडलं.

थंडी सुरू झाली तसा डाग दिसायला लागला. तिनं मालकाला सांगितलं. तो लगेच आला, भिंतीकडे बघून हळहळला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही कपडे घरात वाळवता ना? त्याची वाफ बसते. खिडक्या उघड्या ठेवत जा." तिनं खिडक्या उघड्या ठेवल्या. सगळे गारठले आणि डाग वाढला. पुन्हा सांगितलं, तर कपाट भिंतीपासून दूर ठेवा म्हणाला. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा हसून म्हणाला, "आधीच्या भाडेकरूंना कधी त्रास नाही झाला हो. माणसं कशी राहतात त्यावर असतं."

वरचं घरही त्याचंच होतं. बंद. वर पाणी गळत असेल का, असं तिनं विचारलं, तर म्हणाला, "बंद घरात कोण पाणी वापरणार?"

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, ढिल्या काड्या आवळून द्यायच्या. तिथं येणाऱ्या एका गिऱ्हाइकानं तिला भाडेकरू मदत केंद्राचं सांगितलं. पालिकेच्या वाचनालयाखाली एक लांबट खोली, एक टेबल, आणि टेबलामागे घोगऱ्या आवाजाच्या एक बाई. त्यांनी हळहळ वगैरे काही केली नाही. आधी सगळं ऐकून घेतलं.

"घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही तोंडी सांगत बसलात, ते लेखी द्या. दुरुस्तीला मुदत द्या. मुदतीत काही केलं नाही तर पालिकेचा तपासनीस येऊन बघेल. घर राहण्याजोगं नाही असं त्यानं म्हटलं, तर करार मुदतीआधी संपवता येतो. पण भाडं आपल्या मनानं बंद करू नका, आणि कुलूप ठोकून निघूनही जाऊ नका. मग तुम्हीच चूक ठरता."

"तो घरात येऊ शकतो का? आम्ही नसताना?"

"न कळवता नाही. का, येतो का?"

"माहीत नाही," ती तेव्हा म्हणाली होती. मालकाला कागद देऊन झाला, दिलेली मुदतही गेली. आता तपासनीस आठवडाभरात येणार होता आणि भिंत अशी चकचकीत झाली होती.

नवरा कामावरून आला तेव्हा तिनं त्याला भिंत दाखवली. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. अंगाला ग्रीसचा वास घेऊनच घरी यायचा. त्यानं भिंतीवरून हात फिरवला.

"बरं झालं की मग. गेला डाग."

"गेला नाही, लपवलाय. मधाचं बोट घरात शिरून रंग मारून गेलंय."

"तू पाहिलंस?"

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. पण करार संपायचाय अजून. मधेच सोडलं तर अनामत रकमेवर पाणी सोडायचं. आणि नवीन घर शोधायचं म्हणजे..." तो टॉवेल घेऊन आत गेला.

हे अर्धवट तोडलेलं वाक्य तिनं आधीही ऐकलं होतं. हल्ली तो गॅलरीत जाऊन फोनवर बोलायचा. ती कपडे काढायला गेली की "बघू, नंतर बोलू" म्हणून फोन बंद करायचा. कोणाचा होता विचारलं तर "कामाचा." घर सोडायचा विषय काढला की त्याच्या तोंडाला कुलूप. एकदा मनात आलं की मग काय, जिकडं पाहावं तिकडं तेच दिसतं. मालकानं याला काही कबूल केलं असेल का? भाडं वाढवत नाही, फक्त बायकोला आवरा, असं काही?

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना ती खालच्या मजल्यावर थांबली. तिथं शिवणकाम करणाऱ्या मावशी राहायच्या. दार सताड उघडं टाकून मशीनवर बसलेल्या असायच्या. जिन्यावरून मुंगी गेली तरी त्यांना कळावं.

"मावशी, मालक येतात का हो इकडं? आम्ही नसताना?"

मावशींनी तोंडातली टाचणी काढली. "येतो की. मधूनमधून. तुम्ही दोघं गेलात की येतो."

"कुठं जातो? आमच्याकडं की त्याच्या वरच्या घरात?"

"ते मला नाही माहीत बाई. माझे कान मशीनपाशी." मग टाचणी परत तोंडात ठेवताना म्हणाल्या, "मागं एकदा हातात डबा होता."

तिला दिवसभर काम सुचलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात डावी काच उजवीकडं बसवली आणि दुकानदाराची बोलणी खाल्ली. मग तिला एक सुचलं. अर्ध्या फ्रेमच्या चष्म्यात काच धरून ठेवायला नायलॉनची दोरी असते, केसाइतकी बारीक, दिसतही नाही. तिनं तिचा एक तुकडा घरी आणला. सकाळी नवरा आधी जायचा, ती नंतर. निघताना दार ओढून घेतलं की ती वाकून तो तुकडा दार आणि चौकटीवर खाली चिकटवायची. दार उघडलं की तो सुटलाच पाहिजे.

सुरुवातीला दोरी जशीच्या तशी सापडली. ती रोज कपाटामागं बघत होती. रंगाखालून करडे ठिपके वर यायला लागले होते, पावडर लावलेल्या चेहऱ्यावर वांग दिसावेत तसे. तिला जवळजवळ आनंदच झाला. तपासनीस येईपर्यंत डाग पुरता वर येईल, मग बघू मधाचं बोट काय करतं.

आणि एका सकाळी ठिपके होते, संध्याकाळी नव्हते.

ती धावत दाराशी गेली. आत येताना आपणच तर दोरी काढली, ती शाबूत होती, हे तिला आठवत होतं. तरी पुन्हा बघितलं. दोरी चिकटपट्टीसकट तिच्या पर्समध्ये होती. दार दिवसभर उघडलंच नव्हतं. बाहेरून कोणी आलं नव्हतं, आतलं कोणी बाहेर गेलं नव्हतं.

सासरे खिडकीशी बसले होते. "काय गं, काय शोधतेस?"

"काही नाही, बाबा."

त्या रात्रीच्या जेवणात ती नुसती त्यांच्या हातांकडे बघत राहिली. हात स्वच्छ होते. जरा जास्तच स्वच्छ, घासून घासून लाल झालेले. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. घरच्या म्हाताऱ्या माणसावर पाळत ठेवायची वेळ आली. पण लाज वाटली म्हणून शंका जात नाही.

दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय असं दुकानात सांगून ती दुपारीच निघाली. दोरी जागेवर होती. तिनं चप्पल हातात घेतली आणि किल्ली हळूच फिरवली.

कपाट बाजूला सरकवलेलं होतं. सासरे जमिनीवर बसले होते, नाकातोंडावर रुमाल बांधून. शेजारी रंगाचा छोटा डबा. ब्रश वरून खाली यायचा, उचलला जायचा, पुन्हा शेजारून खाली. एकही फटकारा दुसऱ्यावर चढत नव्हता, एक थेंब फरशीवर नव्हता. मधेच त्यांना खोकला आला. घरात कोणी नसतानाही त्यांनी कोपरात तोंड दाबून धरलं आणि अंग गदगदा हलेपर्यंत आतल्या आत खोकले. ती कामावरून आली की ते कधी खोकत नसत. तिला वाटायचं, त्यांची तब्येत तरी चांगली आहे.

"बाबा."

ब्रश थांबला. रुमाल खाली घेऊन ते म्हणाले, "आज लवकर?"

"हा डबा कुठून आला?"

ते उठायला लागले, त्यांना जमेना. तिनं हात दिला नाही. तीच त्यांच्या समोर फरशीवर बसली.

"मालकानं दिला," ते म्हणाले. "येऊन बसायचा तो मधूनमधून. तुम्ही दोघं बाहेर. मला वाटलं, चार शब्द बोलतोय माणूस, बरं आहे. मग एक दिवस म्हणाला, काका, सून तुमची हुशार आहे, पण हे घर गेलं तर पुढचं मिळणार एका खोलीचं. त्यात तुमची खाट कुठं बसणार? डाग दिसला नाही तर वादच मिटला. तुमच्याच हातात आहे, म्हणाला."

"आणि तुम्हाला पटलं? तुम्हीच त्याला मधाचं बोट म्हणालात ना?"

"नव्हतं पटलं." त्यांनी ब्रश डब्याच्या काठावर निरपून घेतला. "पण त्याच आठवड्यात आपला धाकटा फोनवर थोरल्याशी बोलत होता. गॅलरीत. माझं डोकं खिडकीशीच असतं. काही दिवस बाबांना तुझ्याकडं ने म्हणत होता, आम्ही घर बदलतोय, जागा लहान असेल. थोरल्यानं आढेवेढे घेतले, ते इकडं मलाही कळले." ते जरा थांबले. "वाईट नाही ते लोक. पण तिथं मी दिवाणखान्यात झोपायचो. पाहुणे आले की मला बाहेर फिरायला पाठवायचे. पाय दुखेपर्यंत फिरायचो मी."

म्हणजे गॅलरीतले फोन मालकाचे नव्हते. हे कळल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा कपाट बाजूलाच होतं, डबा तिथंच होता आणि दोघं त्याची वाट बघत बसले होते. तिनं सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"मी फक्त विचारून ठेवत होतो," तो म्हणाला. "घर बदलेपर्यंत. कायमचं नाही."

"मला का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं.

"तू चिडली असतीस."

"आणि मी गॅलरीत कपडे काढायला आले की तुझा फोन बंद. मला वाटत होतं तू मालकाला मिळालायस."

"माझ्यावर संशय घेत होतीस?"

"हो."

सासऱ्यांनी खाकरून घसा साफ केला. "माझ्याबद्दल विचारायचं असेल तर मला विचारायचं, बाळा. मी अजून बहिरा नाही झालो."

मग तिनंच विचारलं, "बाबा, हे घर सोडायचं की नाही? तुम्ही सांगा. तुमची खाट जिथं बसेल असंच घर बघू, नाहीतर बघणारच नाही."

"सोडू या," ते म्हणाले. "धाप लागते मला. सांगितलं नव्हतं."

तपासनीस आला तो जाडजूड, घामट, कमी बोलणारा माणूस होता. मालक त्याच्या आधीच येऊन उभा होता. "बघा साहेब, काय तक्रार आहे यांची, मलाच कळत नाही. भिंत बघा, आरशासारखी."

सासरे खुर्चीतून उठले. "रंग मी मारलाय," ते म्हणाले. "डबा यांनी आणून दिला. डाग लपवायला."

मालकाचा आवाज आणखी मऊ झाला. "काका, असं काय बोलता? साहेब, वय झालंय त्यांचं. काल काय झालं ते आज आठवत नाही. मी येतो अधूनमधून विचारपूस करायला, तेवढंच."

नवरा पुढं झाला आणि वडिलांच्या दंडाला धरून उभा राहिला. तपासनीसानं दोघांपैकी कोणाला खरं मानलं ते त्याच्या तोंडावरून कळेना. त्यानं पिशवीतून ओल मोजायचं एक छोटं यंत्र काढलं. त्याच्या दोन सुया रंगात रुतवल्या, आकडा बघितला, वर सरकला, पुन्हा बघितला. छतापाशी गेल्यावर म्हणाला, "पाणी वरून येतंय. वरचं घर कोणाचं?"

"माझंच आहे साहेब, पण बंद आहे. किल्लीही गावाला भावाकडं राहिलीय."

दाराशी मावशी उभ्या होत्या. गळ्यात टेप, हातात कोणाची तरी अर्धी बाही. "सकाळीच तर वर गेला होतात तुम्ही," त्या अगदी सहज म्हणाल्या. "बादली ओतल्याचा आवाज आला. म्हटलं, कोणी राहायला आलं की काय."

तपासनीसानं मालकाकडं नुसतं बघितलं. मालकानं खिसे चाचपले आणि किल्ली सापडली.

वरच्या न्हाणीघरात बेसिनखालच्या नळाला चिंध्या गुंडाळून सुतळीनं आवळल्या होत्या. खाली बादली ठेवलेली, ती भरून वाहत होती. भिंतीकडच्या फरश्या फुगून वर आल्या होत्या. सुतळी जुनी होती, काळी पडलेली. म्हणजे गळती आत्ताची नव्हती आणि मालकाला पहिल्यापासून ठाऊक होती.

"कपडे घरात वाळवू नका म्हणायचे आम्हाला," ती म्हणाली.

त्यानंतर गोष्टी तशा सरळ झाल्या. दुरुस्ती होईपर्यंत घर राहण्याजोगं नाही, भाड्यानं देऊ नये, असं तपासनीसानं लिहून दिलं. मदत केंद्रातल्या बाईंनी करार संपवल्याचा मजकूर सांगितला, तिनं तो लिहून दिला, आणि मालकानं शेवटचा डाव टाकला: परवानगी न घेता भिंत रंगवली, म्हणून अनामत रक्कम कापून घेणार. हे ऐकून त्या बाई पहिल्यांदा हसल्या. इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. मग त्यांनी मालकाला फोन लावला, डब्याबद्दल दोन वाक्यं बोलल्या, आणि रक्कम पुरती परत आली.

नवीन घर लांब होतं आणि जिना चढायचा होता, पण दोन खोल्यांना दोन दारं होती. करार करताना तिनं सासऱ्यांचंही नाव घालायला लावलं. सही करताना त्यांनी इतका वेळ लावला की नवी घरमालकीण घड्याळ बघायला लागली. दुकानाची पाटी असल्यासारखं एकेक अक्षर काढलं. मालकीणबाई गोड बोलायच्या. तिला ते आवडलं नाही. तिनं सहीआधीच न्हाणीघरातल्या बेसिनखाली वाकून बघितलं, छताच्या कोपऱ्यांवर हात फिरवला, शेजारच्या दारावर टकटक करून मालकीण कशी आहे ते विचारलं. नवरा खजील होऊन बाहेर उभा राहिला. घरी परत येताना फोन वाजला तर त्यानं तो न विचारता तिच्यापुढं धरला. दिराचा होता. तिला हवं होतं तेच झालं, तरी त्यानं तो असा पुढं धरावा याचं तिला वाईट वाटलं.

सामान हलवायच्या दिवशी ती शेवटची पिशवी घेऊन खाली येत होती. जिन्यात मालक भेटला. मागे एक तरुण जोडपं, बाईच्या कडेवर झोपलेलं तान्हं बाळ. मालक बाजूला सरकला, तिला वाट दिली. "आमच्या आधीच्या भाडेकरू," त्यानं त्या दोघांना सांगितलं. "फार चांगली माणसं. हे घर तुमचंच समजा."

"दुरुस्ती झाली का वर?" तिनं विचारलं.

"चालू आहे, ताई. होऊन जाईल."

ती त्या बाईकडं वळली. "घर घेण्याआधी वरचं न्हाणीघर उघडायला लावा. आणि आतल्या खोलीच्या भिंतीला हात लावून बघा. पालिकेनं हे घर द्यायला मनाई केलीय, विचारून या तिथं."

बाईनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तिनं हिच्या तोंडाकडं पाहिलं, हातातल्या पिशवीकडं पाहिलं, मग मालकाकडं. मालकानं खांदे उडवले आणि समजूतदारपणे मान हलवली, बघा, अशी असतात माणसं. बाईच्या डोळ्यांत शंका होती, आणि ती मालकाबद्दल नव्हती.

"बघतो आम्ही," त्या बाईचा नवरा म्हणाला. तुटकच.

तिला आणखी बोलावंसं वाटलं. सुतळी, बादली, सगळं सांगावंसं वाटलं. पण आपण जितकं बोलू तितकं हे आपल्याला चळलेली समजणार, हे तिला दिसत होतं. काही महिन्यांपूर्वी तिलाही कोणी असं जिन्यात गाठून सांगितलं असतं, तर तिनंही हेच केलं असतं.

"पालिकेच्या वाचनालयाखाली," ती म्हणाली. "घोगऱ्या आवाजाच्या बाई आहेत. फुकट आहे." आणि ती उतरायला लागली.

वर दार उघडल्याचा आवाज आला, मग मालकाचा मऊ आवाज, मग बाळ रडल्याचा. खाली टेम्पोत सासरे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले होते आणि कपाट आडवं न्यावं की उभं, यावरून दोघांचं जुंपलं होतं. तिनं पिशवी मागं सामानात बसलेल्या नवऱ्याकडं दिली आणि पुढं त्या दोघांच्या मधे जागा करून घेतली.